तागाला फुलू द्यावे का?

हिरवळीच्या खतावरचा कोणताही मराठी सल्ला काढून पाहा, त्यात एक वाक्य हमखास सापडते: ताग फुलोऱ्यावर येण्याआधी किंवा फुले दिसू लागताच जमिनीत गाडावा. मधमाश्या वाचवण्याचा सल्ला काढा, तर तिथे दुसरे वाक्य असते: शेताच्या कडेला फुलणारी झाडे असू द्यावीत. दोन्ही वाक्ये आपापल्या जागी बरोबर आहेत. मात्र छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पाच एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याने ती एकत्र वाचली, तर एकच झाड एका वाक्यात फुलण्याआधी मरते आणि दुसऱ्यात फुलल्याशिवाय उपयोगाचे नसते. माती सुधारेल आणि परागीकरण करणारे कीटकही येतील असे एखादे फुलझाड लावावे, ही कल्पना अलीकडे सगळीकडे ऐकू येते. एकाच झाडाकडून ही दोन्ही कामे होतात का, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. माझे म्हणणे असे की होतात, पण एकाच वेळी आणि एकाच जागेवर होत नाहीत. मातीसाठीचा ताग वावरात गाडायचा आणि कीटकांसाठीचा ताग धुऱ्याला फुलू द्यायचा. ही विभागणी मान्य केली की बाकीचे बरेच वाद सुटतात.

आधी झाड कोणते, ते ठरवू. युरोपात या कामासाठी फॅसेलिया नावाचे जांभळे फुलझाड लोकप्रिय आहे. ते मूळचे कॅलिफोर्नियाकडचे, थंड हवेत वाढणारे. त्याच्या बियांची पाकिटे आता ऑनलाइन मिळतात, म्हणून ते मराठवाड्यात पेरण्याचे कारण नाही. बाहेरून आणलेली शोभेची रानफुले इथे काय करतात, याचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. पिवळ्या-नारिंगी फुलांचा कॉसमॉस बागांतून निसटला आणि महाराष्ट्रात कितीतरी माळांवर व रस्त्यांच्या कडांवर पसरला. गाजरगवतही फुलतेच. तेव्हा फूल येते आणि कीटक त्यावर बसतात, एवढ्यावरून निवड करता येत नाही. शेंगा येतात एवढ्यावरूनही नाही. देवगिरीपासून वेरूळपर्यंतच्या माळांवर पिवळाधमक फुलणारा तरवड शेंगांचा आहे, टाकळाही शेंगांचाच आहे, पण या दोघांच्या मुळांवर नत्र बांधणाऱ्या गाठी येत नाहीत. शेंगा धरणारे प्रत्येक झाड हवेतला नत्र जमिनीत आणते, हा समज या दोघांपुरता तरी चुकीचा आहे. तरवडाच्या फुलात मधही नसतो, फक्त पराग असतो. तो परागकोशाच्या टोकावरच्या छिद्रातून बाहेर पडतो आणि अंग थरथरवून तो झाडून घेणाऱ्या मोठ्या भुंग्यांनाच नीट मिळतो. म्हणून तरवड तोडावा असे नाही. पिवळसर-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या त्याच्या पानांवर वाढतात आणि तो कोणतीही देखभाल न मागता उन्हाळा काढतो. फक्त त्याला खताचे झाड म्हणू नये.

गाठी खरोखर धरणाऱ्यांत आपल्याकडे निवड कमी नाही. मुरमाड माळावर उगवणारी, जांभळ्या फुलांची उन्हाळी ऊर्फ शरपुंखा हे अस्सल रानझाड आहे आणि हिरवळीचे खत म्हणूनही ते वापरात आहे. रानातला खुळखुळा तागाचाच भाऊबंद. चोपण आणि पाणथळ जमिनीसाठी धैंचा चांगला, म्हणून पैठणकडच्या कालव्याखालच्या रानात त्याचा विचार व्हावा. धुऱ्यावर कायमचे ठेवायचे असेल तर गिरीपुष्प आहे. ते मध्य अमेरिकेतून आलेले असले तरी फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दिवसांत फुलते, आणि त्याचा पाला वर्षातून दोन-तीनदा छाटून मोसंबीच्या आळ्यात टाकता येतो. तरीही पहिली पसंती तागालाच द्यावी. तो भारतीय उपखंडातलाच आहे, हलक्या-मध्यम जमिनीत चालतो, सहा-सात आठवड्यांत माणसाच्या उंचीला लागतो, बी ओळखीच्या कृषी सेवा केंद्रात मिळते आणि तो तण होऊन मागे लागत नाही. अमेरिकेने आपल्या तागापासून ‘ट्रॉपिक सन’ नावाचे वाण 1980च्या दशकाच्या सुरुवातीला हवाईत प्रसारित केले आणि पुढे तिथल्या उष्ण भागांत आच्छादन पीक म्हणून त्याला मान मिळाला. आपल्याकडे त्याच सुमारास ताग वावरातून निघून चालला होता.

तो का गेला, हे या विषयात महत्त्वाचे आहे. मराठवाड्यात ताग आणि अंबाडी पेरली जायची ती मुख्यतः दोरासाठी. कासरे, दावी, चऱ्हाटे, सुतळी यांना वाख लागायचा आणि धुऱ्याच्या कडेने तागाच्या दोन-चार ओळी असायच्या. दोरासाठीचा ताग फुलल्यावर, शेंगा धरू लागल्यावर कापतात, कारण तोवर धागा पक्का होतो. म्हणजे खतासाठी नव्हे तर दोरासाठी लावलेला ताग भुंग्यांना आपसूक फुलोरा देत होता. नायलॉनचा दोर आला, बैल कमी झाले आणि ते कारण संपले. पुढे ताग परत आला तो हिरवळीचे खत म्हणून, म्हणजे फुलण्याआधी कापायचा माल म्हणून. झाड तेच राहिले. त्यातला फुलण्याचा भाग मात्र वगळला गेला आणि ते कोणाच्या लक्षातही आले नाही.

मातीच्या बाजूने पाहिले तर फुलण्याआधी गाडण्याचा सल्ला पक्का आहे. हेक्टरी 50 ते 60 किलो बी पेरून 45-50 दिवसांनी गाडलेल्या तागातून, पीक जोमदार असेल तर, साधारण 60 ते 90 किलो नत्र जमिनीत जाते. कोवळ्या तागात कर्बाच्या मानाने नत्र जास्त असते, त्यामुळे तो ओलीत पंधरा-वीस दिवसांत कुजतो. फुलोरा उलटल्यावर खोड काष्ठमय होते. असे खोड गाडले की ते कुजवणारे जीवाणू जमिनीतलेच उपलब्ध नत्र काही काळ स्वतःसाठी वापरतात आणि पाठोपाठ पेरलेले पीक पिवळे पडते. ताग काम करतो आहे की नाही, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. महिन्याभराचे रोप ओल्या जमिनीतून हलक्या हाताने मुळासकट उपटावे, मुळावरची गाठ नखाने फोडावी. आतला गर गुलाबी-लालसर असेल तर गाठ नत्र बांधते आहे. तो पांढरट किंवा हिरवट-करडा असेल, तर ताग उंच वाढूनही हवेतले फारसे काही आणत नाही. अशा रानात पुढच्या वेळी बियाण्याला रायझोबियम चोळावे. डाळिंबवाल्यांसाठी आणखी एक मुद्दा आहे. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींची तागाच्या मुळांत नीट वाढ होत नाही, त्यामुळे नवी बाग लावण्याआधी त्या जमिनीत एक हंगाम ताग घेणे शहाणपणाचे ठरते.

मात्र मातीच्या बाजूनेही अतिशयोक्ती होते आणि ती थांबवायला हवी. एक वर्ष ताग गाडला आणि जमिनीचा सेंद्रिय कर्ब वाढला, असे होत नाही. अनेक वावरांत हा कर्ब अर्ध्या टक्क्याखाली आहे, आणि मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या तापमानात कोवळा पाला जितक्या झपाट्याने कुजतो तितक्याच झपाट्याने त्यातला कर्ब हवेत जातो. एका तागाचा खरा लाभ नत्राचा, जमिनीच्या भुसभुशीतपणाचा आणि तिच्यातल्या जीवजंतूंचा असतो. कर्ब वाढवायचा असेल तर अनेक वर्षे, कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या न जाळता, शेणखतासकट हे करावे लागते. तागाच्या वाळलेल्या काड्या कर्बासाठी कोवळ्या पाल्यापेक्षा जास्त टिकतात, हे खरे. म्हणूनच धुऱ्यावर फुलून वाळलेला ताग मातीला वाया गेला असे म्हणता येत नाही. तो पेरणीआधी गाडण्याऐवजी आच्छादन म्हणून वर पसरायचा.

आता फुलाकडे. तागाचे फूल पिवळे, वाटाण्याच्या घडणीचे. वरची मोठी पाकळी पताकेसारखी उभी असते आणि खालच्या दोन पाकळ्या जुळून चोचदार नाव झालेली असते. त्या नावेत पुंकेसर आणि स्त्रीकेसर बंद असतात. काळा-निळा, जाडजूड भुंगा त्या नावेवर उतरला की त्याच्या वजनाने पाकळ्या दबतात आणि चोचीच्या टोकातून पराग ट्यूबमधून पेस्ट निघावी तसा बाहेर येऊन त्याच्या पोटाला लागतो. हलक्या सातेरी किंवा फुलोरी मधमाशीच्या वजनाने हे सहज होत नाही. लाकूड पोखरणारे भुंगे आणि पाने कातरणाऱ्या माश्या हे तागाचे खरे पाहुणे, आणि कीटकाच्या भेटीवाचून तागाला शेंगा फारशा धरत नाहीत. म्हणून ‘ताग लावा, मध वाढवा’ असे कोणी म्हटले तर त्यावर विश्वास ठेवू नये. ताग मधपेटीच्या कामाचा नाही. तो एकटे राहणाऱ्या रानमाश्यांच्या कामाचा आहे. शिवाय ताग आणि खुळखुळा यांच्यात असलेली विशिष्ट अल्कलॉइडे ब्लू टायगरसारख्या फुलपाखरांचे नर वाळलेल्या काड्यांतून शोषून घेतात आणि मादीला आकर्षित करणारा गंध त्यातून बनवतात. काप झालेल्या तागाच्या ढिगावर ही फुलपाखरे झुंबड करतात, ती त्यासाठी.

मग विचारावे लागते, आपल्या पिकांना या रानमाश्यांची गरज आहे का? जागतिक पातळीवरचा नेहमी सांगितला जाणारा आकडा 2007च्या एका आढाव्यातला आहे. जगातल्या 115 प्रमुख अन्नपिकांपैकी 87 पिकांना कमी-अधिक प्रमाणात प्राण्यांकडून होणाऱ्या परागीकरणाचा लाभ मिळतो. हा आकडा इथे जसाच्या तसा आणणे मात्र फसवे आहे. सिल्लोड-कन्नडचा मका वाऱ्यावर फळतो. फुलंब्री-खुलताबादचे आले कंदापासून लावतात. मोसंबीचे फळ परपरागीकरणावाचूनही धरते. डोंगरउतारांवरच्या सीताफळाला तर मधमाशी नकोच असते, त्याचे काम बारीक भुंगेरे करतात. एवढी पिके वगळली तर जिल्ह्याच्या पेऱ्याचा मोठा भाग बाजूला पडतो. पण जे उरते ते क्षुल्लक नाही. तूर स्वतःच्या परागावर शेंगा धरते, तरी तिच्यात परपरागीकरणाचे प्रमाण बरेच असते आणि ते मुख्यतः याच भुंग्यांमुळे व पाने कातरणाऱ्या माश्यांमुळे होते. तुरीचे फूल तागाच्या फुलाच्याच घडणीचे आहे. कपाशी, सूर्यफूल, डाळिंब, कारली-दोडक्यासारखे वेल यांना कीटकांचा फायदा होतो. आणि जालना-बुलढाण्यापर्यंत पसरलेल्या कांदा बीजोत्पादनाला तर कीटक नसले की गोंड्यात बीच भरत नाही.

इथे एक हरकत येते: मग मधपेट्या भाड्याने आणा, ताग कशाला? तिचे उत्तर 2013 साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या, जगभरच्या 41 पीकपद्धतींच्या एकत्रित अभ्यासात आहे. रानकीटकांच्या भेटी वाढल्या की फळधारणा वाढते, आणि मधमाश्या भरपूर असल्या तरीही ती वाढते, असे त्यात दिसले. पेटीतली माशी रानमाश्यांची जागा पूर्ण घेत नाही, ती त्यांच्यात भर घालते. कांद्याच्या गोंड्यावर पेटीतली माशी चांगले काम करील, तुरीवर भुंगा करील.

दुसऱ्या बाजूला फुलपट्ट्यांच्या समर्थकांनीही एक निष्कर्ष नीट वाचावा. 2020 साली युरोप, उत्तर अमेरिका आणि न्यूझीलंडमधल्या अभ्यासांचे एकत्र विश्लेषण झाले. त्यात फुलपट्टीलगतच्या शेतात किडींचे नैसर्गिक नियंत्रण सरासरी 16 टक्क्यांनी वाढलेले दिसले. पिकाच्या परागीकरणावरचा आणि उत्पन्नावरचा परिणाम मात्र एकसारखा नव्हता, कुठे दिसला, कुठे नाही. म्हणजे धुऱ्यावर ताग फुलवल्याने तुरीचा उतारा अमुक क्विंटलने वाढेल असे कोणी सांगत असेल, तर तो पुराव्यापलीकडे बोलतो आहे. फुलांवर पोट भरणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्या, लेडीबर्ड भुंगेरे, क्रायसोपा यांचा लाभ जास्त भरवशाचा आहे. माझ्या मते कोरडवाहू शेतकऱ्याला हीच बाजू आधी सांगायला हवी, कारण त्याचा खर्च फवारणीवर होतो.

फवारणीचे नाव निघाले की सगळ्यांत वजनदार हरकत समोर येते. कपाशीच्या वावरालगत फुले लावणे म्हणजे माश्यांना विषाकडे बोलावणे नव्हे काय? हा धोका खरा आहे. इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झामसारखी, पिकाच्या अंगात भिनणारी कीटकनाशके आपल्याकडे कपाशीच्या बियाण्यालाही चोळतात आणि रसशोषक किडींसाठी फवारतातही. युरोपीय संघाने 2018 साली या गटातल्या तीन रसायनांचा उघड्यावरचा वापर बंद केला, तो मधमाश्यांवरच्या परिणामांमुळेच. म्हणून पट्टी कोठे लावायची, हे बियाण्याइतकेच महत्त्वाचे आहे. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा असतो. कपाशीच्या पूर्वेच्या धुऱ्यावरच्या पट्टीवर फवाऱ्याचे थेंब उडतील, पश्चिमेच्या धुऱ्यावर कमी उडतील. कपाशीपेक्षा तुरीच्या किंवा फळबागेच्या कडेला लावली तर आणखी बरे. फवारणी सकाळी आठ ते अकरा या वेळेत न करता संध्याकाळी करावी, कारण माश्यांची वर्दळ सकाळीच असते. एवढे पाळणे शक्य नसेल आणि आठवड्याआड फवारा मारणे चालूच राहणार असेल, तर त्या वावराच्या कडेला फुलपट्टी लावू नये. तिथे पूर्ण ताग गाडून मातीचा लाभ घ्यावा.

किडींची भीती मात्र वाढवून सांगितली जाते. तागावर त्याची स्वतःची ठिपकेदार केसाळ अळी येते, ती तूर-कपाशी खात नाही. एका लहान निळ्या फुलपाखराची अळी तागाच्या आणि तुरीच्या, दोन्हींच्या फुला-शेंगांवर वाढते. तेव्हा शेंगा भरण्याआधी पट्टी कापणे हिताचे. जनावरांचे काय? तागाच्या बियांत यकृताला बाधक अल्कलॉइडे असतात, रानखुळखुळ्याच्या काही जातींत ती जास्तच. गुरांना भरल्या शेंगांचा ताग पोटभर चारू नये, आणि पट्टी शेंगांआधी कापली तर हीही काळजी उरत नाही.

राहिली ती मूळ अडचण: पाऊस. जिल्ह्याची सरासरी सातशे मिलिमीटरच्या आत-बाहेर, वैजापूर-गंगापूरकडे त्याहूनही कमी, आणि तीही पावसाच्या लहरीवर. अशा ठिकाणी खरिपाचे दीड-दोन महिने आणि ओल खताच्या पिकाला द्या, असे सांगणे म्हणजे बागायतदाराचा सल्ला कोरडवाहूच्या गळ्यात मारणे होय. हिरवळीचे खत सर्वांनी मान्य करूनही थोड्यांनीच केले, त्याचे कारण आळस नाही, हा हिशेब आहे. म्हणून कोरडवाहू रानात पूर्ण वावर तागाखाली घालण्याचा आग्रह सोडावा. कपाशीच्या रुंद ओळींमध्ये तागाची एक ओळ तिफणीने टाकून पस्तीस-चाळीस दिवसांत कापून तिथेच आच्छादन करावे, आणि मोसंबी-डाळिंबाच्या ओळींमधल्या मोकळ्या पट्ट्यात पावसाळी ताग घ्यावा. हे माती सांभाळते आणि हंगामही घालवत नाही. फुलोऱ्यासाठी मात्र धुऱ्यालगतची एक मीटरची पट्टी पुरे. चौरस एकराची बाजू साधारण 64 मीटर. एका बाजूची पट्टी म्हणजे 64 चौरस मीटर, एकराच्या जेमतेम दीड टक्का.

पट्टी मृगात पेरली तर श्रावणाच्या सुमारास फुलते. पोळ्याच्या आसपास, ओल असताना पेरली तर दिवस लहान होत गेल्याने ताग बुटका राहतो पण लवकर फुलतो, आणि तो फुलोरा तुरीच्या फुलोऱ्याच्या जवळ येतो. दोन्हींसाठी अर्धी-अर्धी पट्टी ठेवणे सोपे आहे. पण ताग वर्षातले दोन-अडीच महिनेच फुलणार, आणि माश्यांना बाकीचे महिनेही खायचे असते. ते काम धुऱ्याने करायचे आहे: पावसाळ्यानंतर बोर आणि बाभूळ, थंडीत एकदांडी, उन्हाळ्यात करंज, कडुनिंब, रुई. भुंगे वाळक्या लाकडात, बांबूत, घायपाताच्या सुकलेल्या दांड्यात घर करतात आणि अनेक रानमाश्या न नांगरलेल्या मातीत बिळे करतात. जेसीबीने सपाट केलेल्या आणि तणनाशकाने पिवळ्या पडलेल्या धुऱ्यावर ताग कितीही फुलला तरी तो खायला येणाऱ्या माश्यांना राहायला जागा नसते. ज्या शेतकऱ्याला या सगळ्यांतले एकच काही करायचे असेल, त्याने ताग नंतर पेरावा आणि आधी धुऱ्यावरचे तणनाशक थांबवावे.

खर्चाचे म्हणाल तर शिफारशीच्या हिशेबाने 64 चौरस मीटरला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास बी लागते. फुलासाठी विरळ पेरलेलेच बरे, कारण विरळ ताग फांद्या करतो. तेव्हा पाव किलो बी पुरेल. कपाशीचे पाकीट आणायला कृषी सेवा केंद्रात जाल, तेव्हा तेवढे तागाचे बी मागून घ्या.